बारा दिस ठिवलेलं पत्र

ने की वर्गातनं, रंगुबाई, विजयमाला तुझी सून हाय — मी कोन अडवनार? "बायांना अक्षरं शिकवून काय करायचं?" म्हन्तीस — व्हय, समदा गाव म्हन्तो. पर आधी ऐक. माझा नाथाजी लढाईवर गेला तवा मला एक अक्षर येत न्हवतं. गावाची पत्रं वाचायचा त्यो लालासाहेब. त्या साली म्या त्येच्या रानात खुरपाय गेले न्हाई — झाला राग त्येला. नाथाजीचं पत्र आलं, घिऊन गेले, तर म्हन्ला, "ठिव तितं, बघू." रोज जायची, रोज "उद्या." बारा दिस! तेराव्या दिशी वाचलं — "आई, पुन्याला मिल्ट्रीच्या दवाखान्यात हाय, जखम चिघळलीया, लवकर ये." म्हसवडास्नं सर्व्हिस मोटार धरली, पुनं गाठलं — तर त्येची पेटी दिली हातात. आदल्या दिशी गेला व्हता.

मंग? मंग खुरपं घिऊन लालासाहेबाच्या दारात हुबी राह्यले. मास्तरांच्या अंजनाबाईंनी हात धरला — "ह्याला मारून उद्याची पत्रं कोण वाचणार, बनुबाई?" म्हून त्यांच्याकडंच शिकले. त्याच पत्रावर शिकले — तोंडपाठ झालं व्हतं, एकेका अक्षरावर बोट ठिवायची. वरसात गावाची पत्रं वाचाय लागले. वाटलं, गेला राग.

गेला कुठला! लालासाहेबाला दिसंना झालं, आन त्येच्या अर्जुनाचं पत्र आलं पलटनीतनं. माझ्याच दारात आला, डोक्याला पटकाबी न्हवता. म्या म्हन्लं, "ठिवा तितं, बघू." — बघतीस काय अशी? तीन दिस दान्याच्या कनगीखाली ठिवलं. म्हातारा दारात बसून असायचा. चौथ्या दिशी फोडलं — पोरगा खुशाल व्हता. पर नसता तर? म्हातारा नुसता म्हन्ला, "परत वाच." दोनदा वाचलं. — ह्ये कुनालाच सांगितलं न्हवतं म्या. तुला कशाला सांगत बसले कुनास ठावं.

तवापास्नं कुनाचं पत्र वाचत न्हाई, शिकवती. कुनी कुनाच्या दारात बसाय नगं — माझ्याबी. नऊ जनी हायत्या आता. राग? हाय की. सकाळी माझ्या आधी त्यो उठतो. त्येला घिऊनच हितं येऊन बसती.

न्यायची तर ने. पर तिची ओळ पुरी हुईस्तवर भाईर थांब — आन गप थांब, पोरी लिवत्यात.