ओल्या बेरेटचं स्थळ

हसा लेको माझ्या बेरेटला, पण माझं लग्न तिनेच जमवलंय. फौजेत नवी बेरेट मिळते ती पावासारखी फुगलेली. कोमट पाण्यात भिजवून डोक्यावरच सुकवली तर ती नीट बसते, मध्येच काढली की आकार गेलाच. मला दोन दिवसांनी ड्यूटीवर हजर व्हायचं होतं, म्हणून रावपुऱ्याच्या घरी ती भिजवून घातली. तेवढ्यात तरसालीहून मुलीला घेऊन पाहुणे तासभर आधीच दारात!

आई कुजबुजली, "काढ ते डोक्यावरचं!"

"नाही काढणार."

कानामागून पाणी ओघळत होतं. मुलीचे वडील सीमेवर होते, म्हणून तिचे काका आले होते. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तबियत बरी आहे ना, भाई?" आणि ते उठायलाच लागले.

तेव्हा मुलगी पहिल्यांदा बोलली. "बसा काका. सुकेपर्यंत ते नाही काढणार. बाबा तर तसेच जेवायला बसतात." मग मला म्हणाली, "उजवीकडे दाबा. फुगलीय अजून."

मी मुकाट्याने दाबली. आईने उतरवलेलं चहाचं आधण पुन्हा ठेवलं. सून ठरली, हे तिला माझ्याआधी कळलं.