इद्रिसचा खोकला आणि तांबेकाकूंचा फोन

आईला फोनवर आपण सगळेच "मी मजेत" म्हणून सांगतो. आमच्या इद्रिसला मात्र ते कधी जमलं नाही.

मोबाईल सर्रास नव्हते तेव्हा विद्यापीठाने आमच्या कॉलेजला पत्रच काढलं होतं की परदेशी आणि निर्वासित मुलांना गावातलं एकेक कुटुंब जोडून द्या; ते काम माझ्याकडे आलं. इद्रिस सुदानचा. लढाईत घर सुटलेलं, आई कैरोला मामाकडे. त्याची खोली इंदिरानगरला, म्हणून मी त्याला त्याच्याच शेजारच्या तांबेकाकू दिल्या. काकूंकडे फोनही होता.

आईचा फोन आला की काकू खिडकीतून त्याला हाक मारायच्या आणि तो येईपर्यंत स्वतःच गप्पा मारायच्या. इकडून मराठी, तिकडून अरबी.

एक दिवस इद्रिस तणतणत माझ्याकडे आला. "सर, मला दुसरं घर द्या! आजारी आहे हे आईला सांगणार नव्हतो मी. काकूंनी फोनवर खोकून दाखवलं!"

मी काकूंना विचारलं, तर त्या माझ्यावरच उखडल्या. "मग काय करू? मला तिची भाषा येते का? आणि काढा दिलाय, हेही भुरका मारून सांगितलं हो!"

पुढे इद्रिसने मोबाईल घेतला, आईला नंबर कळवला. महिन्याभराने भेटला तेव्हा मी विचारलं, "आता आईचा फोन थेट येतो ना?"

"नाही सर, काकूंकडेच येतो."

"का रे?"

तो हसला. "आई म्हणते, तू खोकला दाबून बोलतोस."