उजवीकडची खुर्ची

“आधी विचारायचं तरी! परदेशातल्या कॉन्सर्टची तिकिटं अशी हातात कोंबतात का?”

कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या शिक्षिकाबाईंनी पुस्तकाचं पान उलटलं, पण वाचलं काही नाही. शेजारच्या दोघी जुन्या मैत्रिणी होत्या. कुरकुरणारी स्टुडिओत रेकॉर्डिंग करायची, दुसरी कपडे शिवायची, एवढं एव्हाना त्यांना कळलं होतं.

“विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असतीस.”

“आणि तुला कधीपासून इलेक्ट्रॉनिक संगीत आवडायला लागलं? मी लावलं की म्हणतेस, तो मिक्सर बंद कर.”

“अजूनही म्हणेन. पण वीस वर्षं त्या कलाकाराचं पुराण ऐकवलंस मला. एकदा समोर बसून ऐक त्याला.”

“उभं राहून ऐकतात, बाई.”

“मग उभी राहीन. गुडघ्याचा पट्टा घेईन.”

“पुढच्या वर्षी जाऊ ना. तो काय पळून जातोय?”

“पुढच्या वर्षी नको. शाळेच्या गणवेशांचं काम असतं.”

“ते दरवर्षी असतं.”

शिवणकामवालीने पर्सची चेन उघडली, लावली, परत उघडली.

रेकॉर्डिंगवाली म्हणाली, “एक सांग. हल्ली तू नेहमी माझ्या उजवीकडेच का बसतेस? मघाशी डावीकडची खुर्ची रिकामी असताना त्या काकांना उठवलंस.”

“इथे पंख्याचा वारा येतो.”

“पंखा बंद आहे. खरं बोल.”

शिक्षिकाबाईंचा नंबर पुकारला गेला. त्या उठल्या नाहीत.

“डावा कान गेलाय तुझा. उजवाही चाललाय. तो आहे तोवर तुला घेऊन जायचंय मला.”