अखाजीची गर्दी

अखाजीच्या सणाला गावी निघालेल्या खानदेशी माणसांनी सुरतमधलं ते बसस्थानक भरून गेलं होतं. दोनपैकी एकच दरवाजा उघडा होता. लेक माझ्या खांद्यावर शांत झोपली होती, म्हणून पुढचं सगळं नीट ऐकू आलं. रांगेपुढे गार्डनं एका पत्रकार मुलीला अडवलं होतं.

"बेन, कॅमेरा बंद करो. परमिशन नथी."

"सगळ्यांची जागा आहे दादा. फक्त ही गर्दी आणि तो बंद दरवाजा घेतेय."

"वरून सांगितलंय. माझी नोकरी घालवता का?"

रांगेतल्या म्हातारीनं विचारलं, "कोठला शे रे भाऊ तू?"

"पारोळ्याचा, मावशी."

"गेल्या अखाजीला माझा लेक भिकन इथंच चेंगरून गेला. साहेब म्हणे, गर्दीच नव्हती. असेल तर पुरावा दाखव."

"वाईट झालं मावशी. पण माझ्या हातात काय आहे?"

"खरंय. पोरी, बंद कर कॅमेरा. गरिबाची नोकरी जायला नको."

"पण मावशी..."

"कर बंद. हा भाऊ आहे ना इथं. उद्या कुणी चेंगरलं, तर साहेबापुढे हाच सांगेल, गर्दी होती, दरवाजा बंद होता. सांगशील ना रे?"

गार्ड त्या दरवाज्याकडे बघत राहिला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "चालू राहू द्या."