डाव्या हाताचा रुमाल

दातांच्या दवाखान्यात शिंपीणबाई गाल धरून बसल्या होत्या. दाढ ठणकत होती, तरी समोरच्या नणंद-भावजयीकडे त्यांचे कान टवकारलेले होते. नणंद क्रोशाचा गोल रुमाल उलटसुलट करून बघत होती.

"वहिनी, हा तू विणलास?"

"हो ताई, मीच."

"टाके डावीकडे कललेत. असे आईचेच पडायचे. ती डावखुरी होती, तू नाहीस."

"म्हणजे त्यांच्या कपाटातून उचलला?"

"मी कुठं तसं म्हटलं? पण किल्ली तुझ्याकडेच असते."

इथं पाणी मुरतंय, शिंपीणबाईंना वाटलं.

भावजयीनं पिशवीतून दोरा काढला, सुई डाव्या हातात धरली आणि भराभर टाके घातले. तेही डावीकडेच कलले.

"लिहितेस तर उजव्या हातानं!"

"सासूबाईंचं बघून शिकले ना. त्यांचा जो हात, तोच माझा. आधीचे रुमाल तर वाटीसारखे वर वळायचे. उसवून उसवून हात बसला."

"कधी शिकवलं तिनं?"

"गेल्या वर्षी. रोज दुपारी."

"गेल्या वर्षी?" नणंदेनं रुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "तेव्हाच मी आईला म्हटलं होतं, माझ्या पोरीला शिकव. तर म्हणाली, आता बोटं चालत नाहीत गं."

आतून शिंपीणबाईंना हाक आली. त्या जागच्या हलल्या नाहीत.