घागरीवरच्या नावाचं कूपन

जबाब
दि. ९/११/२००७, जालना

मी अप्पाराव रखमाजी शेळके, वय ३४ वर्षे, धंदा नोकरी, मूळ गाव मंठा, हल्ली राहणार जालना. आज स्वतः ठाण्यात येऊन, विचारल्यावरून, खरे तेच सांगतो की,

मी जालना येथील सुगी महाबाजार या मोठ्या दुकानात ग्राहक सेवा विभागाचा प्रमुख आहे. माझ्या कपाळावर चार टाके पडले आहेत. ते द्वारकाबाई भिवा गाडेकर, रा. वडीगोद्री, या बाईने पितळी घागर मारल्यामुळे पडले. बाई दिसायला गरीब आहे, परंतु हात जड आहे.

आमच्या दुकानाने नवरात्रापासून 'जुनं भांडं द्या, कूपन घ्या' अशी योजना काढली होती. भांडे तोलून त्याच्या किमतीचे कूपन देतात आणि बिलातून तेवढी रक्कम वजा होते. सदर बाईने एक घागर आणून दिली. कूपनावर नाव काय टाकायचे, असे आमच्या काउंटरवरच्या मुलीने विचारले असता बाईने 'बेबीनंदा' असे सांगितले. तेच नाव घागरीच्या गळ्यावर कोरलेले होते. लग्नात लेकीला दिलेल्या भांड्यावर लेकीचे नाव घालतात आणि ज्याचे नाव त्याचे भांडे, हे आमच्या मंठ्याकडेही चालते. पण दुकान म्हणजे काही मंठा नव्हे. आमच्या मुलीने विचार न करता ते नाव लिहिले. तिला मी समज दिली आहे.

त्यानंतर बाई एका लहान मुलीला घेऊन फ्रॉक घ्यायला आली. मुलगी सहा-सात वर्षांची असावी, ती बाईची नात. तिने पिवळा फ्रॉक पसंत केला होता. कूपनाच्या चौपट खरेदी केल्याशिवाय कूपन चालत नाही, असे मी बाईला सांगितले. घागर घेताना हे का सांगितले नाही, असे तिने विचारले. घेताना कोणी विचारले नव्हते, असे मी उत्तर दिले. त्यावर ती म्हणाली, "साहेब, नेम काय काय हायेत ते एकदाच सांगून टाका. म्या ध्यानात ठेवते." दिवाळीची गर्दी होती. एकेकाला नियम शिकवत बसलो तर दुकान कोण चालवणार? फ्रॉक मुलीच्या मुठीतून सोडवून घ्यावा लागला. तिने बोटे फार घट्ट आवळली होती.

काही दिवसांनी बाई पुन्हा आली. चौपट खरेदी भरावी म्हणून तिने आपल्या आळीतल्या सगळ्या घरांचे दिवाळीचे सामान एकत्र आणायचे ठरवले होते. प्रत्येकीने पैसे देऊन काय काय आणायचे ते सांगितले होते आणि बाई ते सगळे तोंडपाठ करून आली होती. दोन ढकलगाड्या भरल्या. त्यात तेल आणि साखर जास्त होती. तेल-साखर योजनेत धरत नाहीत, हे मी काउंटरवर सांगितले. बाईने ते सामान परत ठेवले व साबण, चहा, रवा असे भरून आणले. आळीतल्या बायकांना काय सांगेल ते सांगेल, तो तिचा प्रश्न. मग मी कूपनावरचे नाव पाहिले.

ज्याच्या नावाचे कूपन आहे त्यानेच यावे लागते, असे मी म्हणालो. बाई म्हणाली, "ती न्हाई येत साहेब. आखाडातच गेली ती." कशाने गेली हे मी विचारले नाही, आमच्या कामाचा तो भाग नाही. घागर सासरहून परत आली होती, एवढे ती आपण होऊन बोलली. दुसऱ्याचे नाव कशाला घातले, असे मी विचारले. तेव्हा ती म्हणाली, "फराक तुझ्या मायीकडून हाय, असं सांगितलंय म्या पोरीला. मंग नाव कुनाचं टाकू?" मी तिला मृत्यूचा दाखला आणायला सांगितले.

हे नियम कुठे लिहिलेले आहेत, असे आपण विचारल्यावरून सांगतो की, नियम मुख्य कार्यालयात आहेत. मी स्वतः ते पाहिलेले नाहीत. परंतु इतकी वर्षे नोकरी केल्यावर नियम काय असतील हे माणसाला कळते.

आज लक्ष्मीपूजन असल्याने दुकान दुपारी चारपर्यंतच उघडे होते. कूपनाची मुदतही आजच संपत होती. बाई नातीला घेऊन, ग्रामपंचायतीचा दाखला घेऊन आली. दाखल्यावर सासरचे पूर्ण नाव होते, कूपनावर नुसते बेबीनंदा. ही तीच बेबीनंदा कशावरून, असे मी विचारले. मागे रांग लागली होती, लोक चिडले होते आणि बाई एकच घोकत होती की अजून कोणता नेम राहिला तो सांगा. मलाही राग आला. मी म्हणालो की, एकच राहिला आहे, कूपनधारक दुकानात हजर नाही याची खात्री करावी लागते. आणि मूल हरवल्यावर पुकारतो तसे मी माइकवरून पुकारले, "बेबीनंदा, आपण जिथे असाल तिथून ग्राहक सेवा काउंटरकडे या. आपली आई आणि मुलगी वाट पाहत आहेत." असे तीन वेळा पुकारले. आमचे कर्मचारी हसले हे खरे आहे. दिवसभर उभे राहणाऱ्या माणसाला हसायला काहीतरी लागते.

मुलीने "माय हितं आली?" असे विचारले आणि ती आत पळाली. तिने कपडे घालून पाहायच्या खोल्यांचे पडदे एकामागून एक उघडले. आत महिला ग्राहक होत्या, त्यांनी तक्रार केली. बाई दाराकडे गेली. जमा झालेल्या भांड्यांपैकी चांगली भांडी आम्ही घासून दारात सजावटीला मांडली होती, त्यात तिची घागर होती. तिने घागरीतली प्लास्टिकची फुले काढून नीट बाजूला ठेवली, परत आली आणि मला मारले. घागरीला पोचा पडला आहे. घागर आता दुकानाच्या मालकीची असल्याने तो पोचाही तक्रारीत धरावा.

मुलगी कोठे आहे, असे आपण विचारल्यावरून सांगतो की, आजीला पोलीस घेऊन गेले तेव्हा ती ग्राहक सेवा काउंटरला धरून उभी होती. तिच्या आईला तिथेच बोलावले होते, म्हणून ती हलायला तयार नव्हती. चारला दुकान बंद करताना वॉचमनने तिला बाहेर आणले. ती पायरीवर बसली. "अजून एकदा बलवा ना मायीला," असे ती त्याला म्हणाली. पण पूजेसाठी माइक काढून ठेवला होता. पुढचे मला माहीत नाही, मी टाके घालायला गेलो होतो. तिचे नाव मी विचारले नव्हते.

कूपन माझ्याजवळ आहे, ते हजर करतो. त्याची मुदत संपली आहे.

हवालदारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. एका जागी 'हाकलले' असे लिहिले होते, ते मी 'बाहेर आणले' असे दुरुस्त करून घेतले. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणेच उतरले आहे, म्हणून सही करतो.

अप्पाराव रखमाजी शेळके