तीन वाजताचं पाणी

कोरियात सोल शहराजवळच्या एका तरणतलावाच्या रांगेत योनह्वा नातीच्या डोक्यावर टोपी चढवत होती. पुढच्या दोन म्हाताऱ्या पाणी-तपासणीचा फळा वाचत होत्या.

“बोकसूनताई, एक वाजता क्लोरीन किती?”

“पॉइंट सहा. तीन वाजताही तेवढंच.”

“आत्ता वाजलेत किती?”

“दोन.”

“मग तीनचं पाणी तपासलं कधी मेल्यांनी?”

“आणि आपण अंघोळ केली की नाही, ते मात्र केस चाचपून बघतात!”

“खाली काय लिहिलंय गं?”

“‘संध्याकाळी सहापर्यंत अपघात एकही नाही.’”

“चला, म्हणजे आज बुडायची भीती नाही!”

दोघी खिदळत आत गेल्या.

“आजी, आपला नंबर आला!”

योनह्वाने नातीची टोपी ओढून काढली.

“थांब बाई. आधी तीन वाजू देत.”